लोह जमिनीत, केवडा पानात: मुळाच्या पेशीत आयन शिरतात कसे

प्रश्न शिरोळ तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, घरी ऊस आहे. तिने लिहिले ते थोडक्यात असे: “डिसेंबरात तुटलेल्या उसाच्या खोडव्यावर (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या उसावर) केवडा आलाय, म्हणजे कोवळी पाने पिवळी पडलीत. माती परीक्षणाच्या अहवालात लोह ‘पुरेसे’ दाखवलेय, सामू (पीएच) ८.३ आणि चुनखड भरपूर. वडील म्हणतात, एकरी पोतंभर फेरस सल्फेट फेकून टाकू. आमच्या पुस्तकात मात्र ‘आयन वाहक प्रथिनांमार्फत पेशीत जातात’ एवढ्या एका ओळीत विषय संपतो. आत जातात म्हणजे नेमके काय होते? आणि जमिनीत असलेले लोह जात का नाही?”

आधी वडिलांना सांग, पोते चार दिवस तसेच राहू दे. कोल्हापुरात माती-पाण्याच्या तपासणीत माझी उमेदीची वर्षे गेली, आणि केवड्यावर पोती रिती करणारी रानं मी भरपूर पाहिलीत.

एक हिशेब करून बघ. एकरभर रानाच्या वरच्या वीतभर थरात साधारण ९ लाख किलो माती असते. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यात लोह ५ टक्के धरले, तर त्या एकरात आत्ताच ४५ हजार किलो लोह पडून आहे. ५० किलोच्या पोत्यातल्या फेरस सल्फेटमध्ये लोह जेमतेम साडेनऊ-दहा किलो. ४५ हजारांत दहाची भर घालून काय साधणार? त्यामुळे लोह किती आहे हे मोजत बसण्यात अर्थ नाही. ते कोणत्या रूपात आहे आणि मुळाच्या पेशीला त्या रूपात आत घेता येते का, हे बघायचे.

पेशीपटल म्हणजे मेदाच्या रेणूंचा दुपदरी थर, जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. आयनावर विद्युतभार असतो, म्हणून पाण्यात त्याला पाण्याचे रेणू चहूबाजूंनी चिकटून असतात. ते कवच सोडून मेदात शिरायचे तर इतकी ऊर्जा लागते की नुसत्या मेदाच्या थरातून पोटॅशियम किंवा लोह जवळजवळ जातच नाही. ऑक्सिजन जातो, कार्बन डायऑक्साइड जातो, आयन अडतो. म्हणून प्रत्येक आयनाला पटलात आरपार बसलेले एखादे प्रथिन लागते. ही प्रथिने कुणाच्या नजरेस पडण्याच्या कितीतरी आधी, १९५२ मध्ये, एप्स्टाइन आणि हेगन यांनी सातूची कापलेली मुळे घेऊन पोटॅशियमच्या जातकुळीतल्या आयनांचे शोषण मोजले. बाहेरची तीव्रता वाढवली की शोषण वाढते, पण एका टप्प्यानंतर ते थबकते. एन्झाइमचा आलेख असाच असतो. याचा अर्थ, वाहक मोजकेच आहेत आणि सगळे कामाला लागले की बाहेर कितीही ओता, आत जाण्याचा वेग वाढत नाही. परीक्षेत हा आलेख काढायला लावतात, पण खताच्या दुकानात उभे राहिल्यावर तो कुणाला आठवत नाही.

ही प्रथिने ढोबळमानाने तीन तऱ्हांची: पंप, चॅनेल आणि वाहक. कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा तू पाहिला असशील. नदीतले पाणी उंचावरच्या टाकीत चढवायचे तर उपसा योजनेची मोटर लागते, ती वीज खाते. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की मात्र पाणी आपल्याआप उताराला धावते, तिथे मोटर लागत नाही. पंप म्हणजे ती मोटर आणि चॅनेल म्हणजे बरगे काढलेला गाळा. तिसऱ्या तऱ्हेला, वाहक प्रथिनाला, ही उपमा लागू पडत नाही, म्हणून उपमा इथेच सोडू.

वनस्पतीच्या मुळातला मुख्य पंप प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित आयन) बाहेर फेकतो. एक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तोडायचा आणि एक प्रोटॉन बाहेर टाकायचा, हे त्याचे अखंड काम. धनभार बाहेर जात राहिल्याने पेशीची आतली बाजू ऋण होते. मुळाच्या पेशीत हा फरक साधारण १२० ते २०० मिलीव्होल्ट भरतो. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. पुस्तकांत ठळक चित्र असते ते सोडियम-पोटॅशियम पंपाचे, तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून तो दाखवला आणि १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. पण तो प्राण्यांचा पंप. उसाच्या मुळात तो नसतोच. तरी उत्तरपत्रिकांत मुळाच्या चित्रात तोच काढलेला असतो, आणि काढणाऱ्याला गुणही मिळतात!

१५० मिलीव्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटते. पण ते ५ नॅनोमीटरवर आहेत. सेंटीमीटरच्या हिशेबात हा ताण ३ लाख व्होल्ट होतो. इतक्या ताणाखाली एका धनभाराचा आयन, म्हणजे पोटॅशियम, बाहेरच्यापेक्षा साडेतीनशे पट तीव्रतेपर्यंत आत साठू शकतो, तेही स्वतःच्या वाटेवर एटीपी न खर्चता. दोन भारांचा आयन, म्हणजे फेरस लोह, हिशेबाने लाखपटीपर्यंत आत ओढला जाऊ शकतो. ‘सक्रिय वहन’ या नावाखाली पुस्तकात ज्या एटीपीचा उल्लेख असतो, तो लोहाच्या वाहकापाशी खर्च होत नाही. तो प्रोटॉन पंपावर होतो, आणि पंपाने तयार केलेल्या ताणावर बाकी सगळ्यांचे भागते.

यातून शेताकडे लगेच येता येते. एटीपी बनायला मुळाला ऑक्सिजन लागतो. सरीत पाणी तुंबले की ऑक्सिजन संपतो, पंप मंदावतो, ताण उतरतो आणि मग नत्र, पालाश, लोह सगळ्यांचेच शोषण ढेपाळते. वाफशावर (माती ओलसर पण मोकळी झाल्यावर) पाणी द्या असे म्हातारी माणसे सांगतात ते यासाठीच. नदीकाठच्या भारी रानात, वीज रात्रीची आली म्हणून रात्रभर मोटर चालू ठेवून दिलेले पाणी हे केवड्याचे एक मोठे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चॅनेलबद्दल थोडे, कारण तुमच्या तालुक्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न आहे. पोटॅशियमच्या चॅनेलमधून सेकंदाला कोटीभर आयन जाऊ शकतात, तरी सोडियमला तो अडवतो. गंमत अशी की सोडियम आकाराने लहान आहे: त्याची त्रिज्या ०.०९५ नॅनोमीटर, पोटॅशियमची ०.१३३. मोठा जातो आणि धाकटा अडतो, हे कसे? रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या चॅनेलची रचना क्ष-किरणांनी दाखवली तेव्हा उलगडा झाला. चॅनेलच्या सर्वांत अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले आहेत की पोटॅशियम पाण्याचे कवच टाकतो तेव्हा तेवढाच आधार त्याला त्या ऑक्सिजनकडून मिळतो. सोडियम लहान असल्यामुळे सगळ्या ऑक्सिजनपर्यंत पोहोचत नाही. कवच टाकण्याची किंमत भरून निघत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो. मॅकिनन यांना २००३ चे नोबेल मिळाले ते या कामासाठी.

मग क्षारपड रानात सोडियम उसात शिरतो कुठून? इतकी निवड न करणाऱ्या दुसऱ्या चॅनेलमधून. बाहेर सोडियम फार झाला की आत ओढणारा ताण त्यालाही ओढतोच. पेशी त्याला परत बाहेर काढते. तिथे एक प्रोटॉन आत घेऊन त्याच्या बदल्यात सोडियम बाहेर टाकणारे वाहक प्रथिन कामाला येते. म्हणजे पुन्हा प्रोटॉन पंपाचीच कमाई खर्च होते. क्षारपड रानातला ऊस खुरटतो त्यामागे ही रोजची उधळपट्टीही असते.

आता लोह. हवेशीर जमिनीत लोह फेरिक (तीन भारांच्या) रूपात असते, म्हणजे गंजासारखे, जवळजवळ अविद्राव्य. सामू एक अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता हजारपटीने घटते. सामू ६ च्या रानाच्या तुलनेत तुमच्या ८.३ च्या रानात ती कित्येक लाखपट कमी झाली. चंदगड-आजऱ्याच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत केवड्याची तक्रार क्वचित येते आणि शिरोळ-हातकणंगल्याच्या चुनखडीच्या पट्ट्यात हमखास येते, ती यामुळे.

वनस्पतींनी यावर दोन वाटा काढल्या आहेत. भुईमूग, सोयाबीन, टोमॅटो अशा पिकांची एक. ही पिके प्रोटॉन बाहेर सोडून मुळालगतची माती आंबट करतात. मग पेशीपटलातलेच एक रिडक्टेज प्रथिन फेरिक लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस करते, आणि त्यानंतर आयआरटी-१ नावाचे वाहक फेरस लोह आत घेते. या वाहकाचा शोध १९९६ मध्ये लागला आणि तो मोठ्या हुशारीने लावला गेला. लोह आत घेण्याची स्वतःची प्रथिने बिघडलेले यीस्ट घेतले, जे कमी लोहात वाढूच शकत नाही. त्यात अराबिडॉप्सिस या छोट्या झाडाची जनुके एकेक करून घातली आणि कोणते यीस्ट जगते ते बघितले. जगलेल्या यीस्टमध्ये आयआरटी-१ होते.

वाहकाचे काम चॅनेलसारखे नसते. त्याच्या पोटात आरपार भोक कधीच उघडे नसते. तो बाहेरच्या बाजूने उघडतो, आयन पकडतो, स्वतःचा आकार बदलतो आणि आतल्या बाजूने उघडून आयन सोडतो. म्हणून तो मंद असतो. सेकंदाला काही शे, फार तर काही हजार, इतकाच त्याचा उरक. शिवाय आयआरटी-१ फार चोखंदळ नाही. जस्त, मँगेनीज, कोबाल्ट, इतकेच काय कॅडमियमही त्यातून आत जाते. लोहाची चणचण झाली की झाड हे वाहक वाढवते आणि नको असलेले धातूही जास्त शिरतात. म्हणून झाड त्याच्यावर नजर ठेवते. दुसऱ्या धातूंची गर्दी झाली की पटलावरून हे वाहक काढून घेऊन मोडीत काढते. लोहही मोकाट आत आलेले परवडत नाही. मोकळे फेरस लोह पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडले की त्यातून निघणारा मूलक (अतिशय क्रियाशील कण) पटल, प्रथिने, डीएनए जे समोर येईल त्याची नासाडी करतो. म्हणून आत आल्या आल्या ते कुठल्यातरी रेणूच्या ताब्यात दिले जाते, नाहीतर रिक्तिकेत टाकले जाते. आपल्या आतड्यातही मांडणी याच धर्तीची आहे: आधी फेरिकचे फेरस करायचे, मग प्रोटॉनच्या सोबतीने ते आत घ्यायचे. पालेभाजीवर लिंबू पिळण्याला यातून आधार मिळतो.

दुसरी वाट गवताच्या कुळाची, आणि ऊस त्याच कुळातला. गहू, मका, ज्वारी, सातू ही सगळी त्याचीच भावंडे. ही पिके लोहाला फेरस करण्याच्या भानगडीत फारशी पडत नाहीत. मुळाच्या टोकाजवळून ती म्युजिनिक आम्लासारखे रेणू मातीत सोडतात. हा रेणू फेरिक लोहाला चिमट्यात धरतो आणि मग चिमटा आणि लोह अशी जोडगोळी अख्खीच पेशीत घेतली जाते. जपानमध्ये ताकागी यांनी १९७६ मध्ये मुळांच्या धुवणात असे लोह पकडणारे रेणू असल्याचे दाखवले. जोडगोळी आत घेणारे वाहक प्रथिन २००१ मध्ये मक्यात सापडले. ते बिघडलेल्या मक्याच्या पानावर पिवळे पट्टे येतात, अगदी तुमच्या खोडव्यासारखे. हे वाहक प्रोटॉनलाही सोबत आत घेते, म्हणजे इथेही इंधन प्रोटॉन पंपाचेच.

ही वाट चुनखडीत पहिलीपेक्षा बरी चालते, कारण चुनखडीतले बायकार्बोनेट प्रोटॉन शोषून घेते आणि भुईमुगाची आंबट करण्याची मेहनत पाण्यात जाते. गवतांना त्याची झळ कमी. पण सगळी गवते सारखी नाहीत. सातू हा चिमटा भरपूर सोडतो, गहू त्याच्या खालोखाल, मका आणि ज्वारी बरेच कमी. चीनच्या उत्तर भागातल्या चुनखडीच्या रानात भुईमुगाच्या ओळींत मका लावला तर भुईमुगाचा केवडा कमी होतो असे आढळले आहे. मक्याने धरलेल्या लोहाचा शेजाऱ्याला फायदा होतो. आपल्याकडे उसात भुईमूग घेणाऱ्यांनी शेंगांचा पाला कुठे हिरवा राहतो हे बघायला हरकत नाही.

मग खोडव्यालाच केवडा का, लावणीच्या उसाला तितका का नाही? चिमटा सोडण्याचे आणि लोह घेण्याचे काम मुख्यतः कोवळ्या मुळांच्या टोकांजवळ चालते. ऊस तुटला की जुनी मुळे हळूहळू निकामी होतात. नव्या फुटव्यांना स्वतःची मुळे यायला वेळ लागतो. पण फुटवे मात्र भराभर येतात आणि सगळ्यांना एकदम लोह हवे असते. त्यात थंडीने मुळांची वाढ मंद. ट्रॅक्टर-ट्रॉली आत आली असेल तर सऱ्या दबलेल्या. वरून पहिले पाणी तुडुंब दिलेले, म्हणजे ऑक्सिजन कमी आणि बायकार्बोनेट जास्त. स्फुरद सढळ हाताने दिला असेल तर तोही लोहाला अडकवतो. माती परीक्षणाच्या अहवालात लोहाची किमान पातळी दशलक्ष भागांत साडेचार भाग धरतात. तुमच्या मातीत ती ओलांडलेली असेल, म्हणून ‘पुरेसे’ लिहिले. अहवाल खोटा नाही. पण प्रयोगशाळेत मातीतून लोह एका रसायनाने काढतात, आणि शेतात ते काम तुमच्या खोडव्याच्या चार कोवळ्या मुळांना करायचे आहे.

उपायाकडे येऊ. पहिला मोह असतो सामूच उतरवण्याचा. गंधक टाका असा सल्ला कुणीतरी देईलच. एकराच्या त्या ९ लाख किलो मातीत मुक्त चुना ८ टक्के धरला तर ७२ हजार किलो चुना झाला. तो मारायला रसायनशास्त्राच्या हिशेबाने २३ टन गंधक लागेल. म्हणजे अख्ख्या रानाचा सामू उतरवणे सोडून द्यायचे. मूळ करते तेच आपण करायचे, मुळालगतच्या बोटभर जागेपुरते.

म्हणून फेरस सल्फेट नुसते फेकू नका, ते काही तासांतच फेरिक व्हायला लागते. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५ किलोची आहे, म्हणजे एकरी फक्त १० किलो. ते दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून पाच-सहा दिवस मुरवायचे आणि मग बुडख्यालगत मातीआड करायचे. शेणखतातली सेंद्रिय आम्ले लोहाला धरून ठेवतात. मुळाने सोडलेल्या चिमट्याच्या तुलनेत ही पकड ढिली असते, आणि आपल्याला हवी तीच. मुळाचा चिमटा ते लोह सहज हिसकावून घेतो.

चिलेटेड, म्हणजे रासायनिक चिमट्यात धरलेल्या, लोहाचे डबे दुकानात मिळतात. डब्यावर ईडीटीए या चिमट्याचे नाव असेल तर ते तुमच्या जमिनीत आळवणीने (मुळाशी ओतून) देऊ नका. सामू साडेसहाच्या वर गेला की कॅल्शियम लोहाला हुसकावून त्या चिमट्यात जाऊन बसते. ८.३ ला टिकतो तो ईडीडीएचए हा दुसरा चिमटा, पण तो महाग आहे. द्राक्षाला परवडतो, उसाला परवडेल असे मला वाटत नाही. ईडीटीए फवारणीला चालते, पण फवारणीच करायची तर साध्या फेरस सल्फेटनेही भागते.

नत्राचा प्रकारही बघा. नायट्रेट आत जाताना वाहक त्याच्यासोबत प्रोटॉन आत घेतो, म्हणून मुळालगतचा सामू वाढतो. अमोनियम आत जाते तेव्हा पंप प्रोटॉन बाहेर टाकून भाराचा तोल सांभाळतो आणि सामू उतरतो. केवडा दिसणाऱ्या खोडव्याला नत्राचा एक हप्ता अमोनियम सल्फेटमधून दिलेला मला चांगला वाटतो. पाण्याच्या पाळ्या लांबवा, सरीआड सरी पाणी द्या आणि पाचट जाळू नका.

तातडीचा उपाय फवारणीचा. ०.५ ते १ टक्का फेरस सल्फेट, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा, ऊन उतरल्यावर. पानाच्या पेशींनाही पटल आहेच, पण तिथे चुनखडी आडवी येत नाही. द्रावण त्याच वेळी करायचे. तुमच्या विहिरीचे पाणी क्षारयुक्त असणार. पिंपातले पाणी तांबूस झाले तर लोह फेरिक झाले समज आणि ते ओतून दे. पाण्यात आधी चिमूटभर सायट्रिक आम्ल विरघळवले तर हे टळते. लोह झाडात जागचे फारसे हलत नाही, म्हणून नंतर येणाऱ्या पानांना पुन्हा फवारा लागतो. एका फवारणीने शेत हिरवे झाले नाही म्हणून औषध बदलू नका.

हे सगळे करण्याआधी खात्री कर. लोहाची उणीव असेल तर पिवळेपणा पोंग्यातल्या कोवळ्या पानांवर आधी येतो, शिरा हिरव्या आणि मधले पट्टे फिके. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर ती नत्राची तक्रार. पोते चार दिवस थांबव म्हटले ते यासाठी: दहा-बारा ठोंबांच्या पिवळ्या पानांवर अर्ध्या भागाला कापसाच्या बोळ्याने अर्धा टक्का द्रावण लाव, त्या पानांना दोरा बांध आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बघ. लावलेला भाग हिरवा धरू लागला तर फवारणी पूर्ण प्लॉटला घ्या. काहीच फरक नसेल आणि ठोंबात गवतासारखे बारीक, पांढुरके, असंख्य फुटवे असतील तर ती गवताळ वाढ आहे, रोग आहे, आणि त्यावर लोहाचा काही उपयोग नाही. ते ठोंब मुळासकट खणून बांधाबाहेर नेऊन जाळा आणि त्या प्लॉटमधले बेणे पुढच्या लावणीला वापरू नका.